एक्स-रे ‘नॉर्मल’ आहे, पण गुडघा निसटतोय

प्रश्न : माझं वय ३१. आठवड्यातून तीनदा बॅडमिंटन खेळते. साडेतीन आठवड्यांपूर्वी मागच्या डाव्या कोपऱ्यातलं शटल डोक्यावरून मारलं आणि डाव्या पायावर उतरताना गुडघा आत वळला. ‘कट्’ असा आवाज आला. उठून बाजूला गेले, पण पुढे खेळता आलं नाही. दोन तासांत गुडघा चांगलाच सुजला. दुसऱ्या दिवशी काढलेला एक्स-रे नॉर्मल आला. ‘थोडी लचक आहे’ म्हणून क्रेप बँडेज, वेदनाशामक गोळ्या आणि आठवडाभर विश्रांती सांगितली. आता सूज बरीच उतरली आहे, सरळ चालताना काही वाटत नाही. पण स्वयंपाकघरात झटकन वळताना दोनदा गुडघा निसटल्यासारखा झाला, आणि उकिडवं बसलं की आतल्या बाजूला कळ येते. एक मैत्रीण म्हणते नी कॅप घालून खेळायला लाग, दुसरी म्हणते ऑपरेशनशिवाय गत्यंतर नाही. एमआरआय करू का? शिवाय आईच्या (वय ६२) एमआरआयमध्ये ‘गुडघ्याची गादी फाटली आहे’ असं आलंय. तिला ऑपरेशन लागेल का?

उत्तर :

नमस्कार,

तुमच्या पत्रात निदानाला लागणारं जवळजवळ सगळं आलेलं आहे, आणि त्या एक्स-रेपेक्षा ते कितीतरी बोलकं आहे. एका पायावर उतरताना गुडघा आत वळला, आवाज आला, खेळ तिथेच थांबला, दोन तासांत सूज चढली आणि आता वळताना गुडघा निसटतोय. या पाच गोष्टी एकत्र आल्या की पहिला संशय एसीएलवर, म्हणजे गुडघ्याच्या आतून तिरक्या जाणाऱ्या पुढच्या लिगामेंटवर (दोन हाडांना बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यावर) जातो. नीट तपासणी होऊन तो खोटा ठरेपर्यंत सोडायचा नसतो. पत्रावरून पक्कं निदान होत नाही, गुडघ्याला हात लावल्याशिवाय ते कुणी करूही नये. पण ‘थोडी लचक’ या शब्दांवर विसंबून कोर्टवर उतरू नका. आधी एकदा नीट तपासून घ्या, खेळायचं नंतर पाहू.

आधी एक्स-रेबद्दल. त्यात हाडं दिसतात. लिगामेंट, दोन हाडांमधली गादी, कुर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण), स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे यांची इजा त्यात थेट दिसत नाही. म्हणून ‘नॉर्मल एक्स-रे’चा अर्थ ‘हाड मोडलेलं नाही’ इतकाच. ‘काही झालेलं नाही’ असा तो अर्थ होत नाही, आणि गुडघ्याच्या दुखापतीतली सर्वांत महागात पडणारी गैरसमजूत हीच आहे. एक्स-रे कुणाचा काढायचा यासाठी डॉक्टर ‘ओटावा नियम’ वापरतात. कॅनडातल्या ओटावा इथे १९९०च्या दशकात ते बेतले गेले. पाचपैकी एक गोष्ट जरी असली तरी एक्स-रे हवा : वय ५५ किंवा त्याहून जास्त; दाबल्यावर फक्त वाटी दुखणं; गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली हाताला लागणाऱ्या बारक्या हाडाच्या टोकावर दुखणं; गुडघा ९० अंशांपर्यंत न वाकणं; किंवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावलं टाकता न येणं. लंगडत टाकलेली पावलंही यात धरतात.

तुमची ती फिल्म मात्र जपून ठेवा आणि पुढच्या डॉक्टरांना मुद्दाम दाखवा. नडगीच्या हाडाच्या वरच्या, बाहेरच्या कडेला कधी कधी नखाएवढी हाडाची कपची सुटलेली असते. तिला सेगाँ फ्रॅक्चर म्हणतात. कपची इतकी लहान असते की घाईत नजरेतून निसटते, पण ती दिसली की एसीएल फाटल्याची शक्यता फारच वाढते. आडवं झोपवून बाजूने काढलेल्या फिल्ममध्ये वाटीच्या वर रक्त आणि चरबीचे दोन थर सपाट रेषेत वेगळे दिसले, तर सांध्याच्या आत कुठेतरी हाडाला चीर आहे असं समजतात. कारण ती चरबी हाडाच्या मगजातून आलेली असते.

आता सूज. गुडघा सुजला हे सगळेच सांगतात, किती वेळात सुजला हे फार कमी जण सांगतात, आणि निदानासाठी मोलाचं असतं ते हे दुसरं. पहिल्या दोन-चार तासांत गुडघा भरून आला तर आत बहुधा रक्त साठलेलं असतं. एसीएलला रक्ताचा पुरवठा आहे, त्यामुळे तो फाटला की सांधा लवकर भरतो. तरुण खेळाडूच्या गुडघ्यात असं झटपट रक्त साठण्याचं सर्वांत नेहमीचं कारण एसीएलच असतं. त्यानंतर क्रम लागतो वाटी सरकण्याचा, गादी बाहेरच्या कडेशी फाटण्याचा आणि सांध्यातल्या हाडाचा तुकडा सुटण्याचा. याउलट, रात्री झोपेपर्यंत ठीक होतं आणि सकाळी उठल्यावर गुडघा जड वाटला, तर ते बहुधा सांध्याचंच पाणी असतं. गादीच्या इजेत असं होतं. ही सूज काही दिवसांनी उतरते आणि जास्त चाललं की परत येते. तिसरा प्रकार म्हणजे सांध्यात काहीच नाही, फक्त एका बाजूला वरवर सूज. आतल्या बाजूच्या लिगामेंटला, म्हणजे एमसीएलला मार बसला की तशी दिसते, कारण तो सांध्याच्या पोकळीबाहेर असतो. वाटीच्या बरोबर समोर मऊ फुगवटा आला असेल, तर ती बहुतेक वेळा कातडीखालच्या पाण्याच्या पिशवीची सूज असते आणि आतला सांधा शाबूत असतो.

तुमच्या गुडघ्यात अजून पाणी आहे का, हे घरीच पाहता येतं. पाय सरळ पसरून बसा, मांडी सैल सोडा. वाटीच्या आतल्या बाजूच्या खळग्यातून तळव्याने खालून वर दोन-तीनदा हात फिरवा, म्हणजे तिथलं पाणी वर सरकेल. मग बाहेरच्या बाजूने वरून खाली एकदा हात फिरवा आणि आतल्या खळग्यावर नजर ठेवा. तिथे हलकीशी लाट आली तर पाणी आहे. दोन्ही गुडघ्यांवर करून बघा, फरक लगेच कळतो.

जोर कुठून आला, हा दुसरा प्रश्न. बॅडमिंटनमध्ये उजव्या हाताने खेळणारा माणूस मागच्या डाव्या कोपऱ्यातून उंच फटका मारून डाव्या पायावर उतरतो, त्या क्षणी गुडघा थोडाच वाकलेला असतो आणि शरीराचा सगळा भार वळत त्याच्यावर येतो. एसीएल तुटण्याची या खेळातली ही ठरलेली जागा आहे. कुणाचा धक्का लागावा लागत नाही. एसीएलच्या बहुतेक दुखापती धक्क्याशिवायच होतात. बाहेरून आत धक्का बसला, जसा फुटबॉलमध्ये बसतो, तर आधी एमसीएल ताणला जातो. वाकलेल्या गुडघ्यावर समोरून आदळलं, किंवा गाडीच्या अपघातात गुडघा डॅशबोर्डवर बसला, तर गुडघ्याच्या आतलं मागचं लिगामेंट, पीसीएल. त्यात सूज बेताचीच असते, दुखणं गुडघ्याच्या मागे असतं आणि उतार किंवा जिना उतरताना गुडघ्याचा भरवसा वाटत नाही. आतून बाहेर धक्का बसला तर बाहेरची बाजू. ही इजा कमी वेळा दिसते, पण जवळूनच पायाची नस (मज्जातंतू) जाते, म्हणून पावलाचा चवडा वर उचलता येतो का हे अशा वेळी लगेच बघायचं.

एक सोंग मात्र ओळखून ठेवायला हवं. वाटी बाहेरच्या बाजूला सरकली आणि पाय सरळ होताच आपसूक जागेवर आली, तर तिची हकीकत जवळजवळ तुमच्यासारखीच असते : पाय रोवलेला, शरीर वळलं, आवाज आला, लगेच सूज. फरक दुखण्याच्या जागेत आहे. वाटी सरकलेली असेल तर वाटीच्या आतल्या कडेवर बोट ठेवलं की माणूस कळवळतो, आणि डॉक्टरांनी वाटी बाहेर ढकलायला घेतली की तो घाबरून त्यांचा हात धरतो. त्या क्षणी तुमचा गुडघा किंवा वाटी ‘जागची हलली’ असं दिसलं होतं का, हे आठवून डॉक्टरांना सांगा.

तुम्ही लिहिलेलं ‘निसटणं’ जरा बारकाईने पाहू. गुडघा दगा देतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी घडत असतात. एकीत माणूस जिना उतरतो किंवा खुर्चीतून उठतो, म्हणजे सरळ रेषेतलं काम करतो, आणि कळ येऊन पाय एकदम लुळा पडल्यासारखा होतो. यात मांडीचा पुढचा स्नायू दुखण्यामुळे किंवा सांध्यातल्या पाण्यामुळे क्षणभर काम सोडतो. हे वाटीच्या दुखण्यात, संधिवातात, किंवा दुखापतीनंतर मांडी बारीक झाली की होतं. दुसरीत पाऊल जमिनीवर स्थिर असतं, शरीर वळतं आणि वरचं हाड खालच्या हाडावरून सरकल्यासारखं जाणवतं. हे लिगामेंटचं लक्षण. तुम्हाला ते झटकन वळताना दोनदा झालं आणि सरळ चालताना नाही, म्हणून ते दुसऱ्या प्रकारात बसतं. अशा प्रत्येक निसटण्यात गादी आणि कुर्चा दोन हाडांमध्ये चिरडली जाण्याचा धोका असतो. एसीएल तुटलेल्या गुडघ्याचं पुढचं नुकसान बऱ्याचदा या दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या वेळी होतं. नी कॅप घालून खेळायचा सल्ला म्हणूनच अजिबात मानू नका. नी कॅपमुळे ऊब मिळते, थोडा दाब राहतो, धीर वाटतो. वळताना सरकणारं हाड ती थांबवू शकत नाही.

उकिडवं बसताना आतल्या बाजूला येणारी कळ गादीकडे बोट दाखवते. मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये आत एक आणि बाहेर एक अशा दोन अर्धचंद्राकृती गाद्या असतात. डॉक्टर त्यांना मेनिस्कस म्हणतात. गुडघा पूर्ण वाकला की त्यांच्या मागच्या भागावर दाब येतो. एसीएलबरोबर गादीही फाटणं नेहमीचं आहे, त्यामुळे दोन्ही असू शकतात. गादीच्या फक्त बाहेरच्या कडेला रक्त पोचतं. तिथली फाट शिवली तर भरून येऊ शकते, आतल्या कडेची भरत नाही.

इथे एक गोष्ट आजच तपासा. पलंगावर पालथं झोपा, वाटीपासून खालचे दोन्ही पाय पलंगाबाहेर काढा आणि सैल सोडा. कुणाला तरी मागून दोन्ही टाचांची उंची बघायला सांगा. दुखऱ्या पायाची टाच वर राहत असेल तर गुडघा तेवढा सरळ होत नाही. साधारण एक सेंटिमीटरला एक अंश असा ढोबळ हिशेब. दोन-तीन सेंटिमीटरचा फरक सूज आणि आखडलेल्या स्नायूंमुळेही असतो आणि व्यायामाने जातो. पण गुडघा एका ठरावीक जागी अडतो, पुढे रेटलं की आत काहीतरी आडवं आल्यासारखं वाटतं आणि दिवसेंदिवस तसाच राहतो, तर फाटलेल्या गादीचा पट्टा सांध्यात अडकलेला असू शकतो. तसं असेल तर महिनाभर थांबायचं नाही, त्याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांकडे जायचं, कारण उशीर झाला की तो पट्टा शिवण्याजोगा राहत नाही. ‘कट्कट् वाजतं’ म्हणजे अडकणं नव्हे. नुसता आवाज, दुखणं किंवा सूज नसेल तर, काळजीचं कारण नसतो.

आता हाताने करायची तपासणी. ही घरी कुणाकडून करून घेऊ नका, पण तिच्यात काय व्हायला हवं हे माहीत असू द्या, म्हणजे ती झाली की नाही हे तुम्हाला कळेल. एसीएलसाठी सर्वांत भरवशाची आहे लॅकमन चाचणी. तुम्ही उताण्या, गुडघा २० ते ३० अंश वाकलेला, मांडी पूर्ण सैल. डॉक्टर एका हाताने मांडी घट्ट धरतात, दुसऱ्याने नडगी पुढे ओढतात. हाड किती पुढे आलं यापेक्षा ते कसं थांबलं हे महत्त्वाचं. शाबूत लिगामेंट दोरी ताणल्यासारखं खट्टकन थांबतं. तुटलेलं असेल तर थांबा मऊ लागतो, नक्की कुठे लागला ते सांगता येत नाही. आधी चांगला गुडघा आणि मग दुखरा अशी दोन्हीकडे ही चाचणी व्हायला हवी, कारण काहींचे सांधे जन्मतःच सैल असतात. गुडघा ९० अंशांत वाकवून ओढायची चाचणीही करतात, पण ताज्या दुखापतीत तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. तेव्हा मांडीच्या मागचे स्नायू नडगी मागे धरून ठेवतात आणि तुटलेलं लिगामेंटही शाबूत असल्यासारखं भासतं.

नेमकं याचमुळे दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत तुमचा गुडघा ‘ठीक’ वाटला असण्याची शक्यता आहे. टम्म सुजलेला, दुखरा, ताठ धरलेला गुडघा धड तपासता येत नाही, मग समोर कितीही अनुभवी डॉक्टर असोत. म्हणून पहिली तपासणी अर्धवट राहिली तर एक ते दोन आठवड्यांनी परत बोलावायचं असतं. तुमच्या बाबतीत ते राहून गेलं. आता सूज उतरली आहे, म्हणजे तपासणीला हा काळ उत्तम आहे.

बाकीच्या चाचण्या थोडक्यात. एमसीएलसाठी गुडघा ३० अंश वाकवून पाय बाहेरच्या बाजूला ढकलतात, आणि मग पूर्ण सरळ ठेवून तेच करतात. फक्त ३० अंशांत सैल लागला तर एमसीएल एकटा. सरळ पायातही सैल लागला तर आतलं आणखी काही तुटलेलं आहे. पीसीएलसाठी दोन्ही गुडघे ९० अंशांत वाकवून बाजूने नुसतं बघायचं. एक नडगी मागे खचलेली दिसते. गादीसाठी दोन हाडांच्या मधल्या फटीवर बोट दाबून कळ नेमकी तिथेच येते का हे बघतात. गुडघा वाकवून, पिळून हळूहळू सरळ करण्याची मॅकमरे चाचणीही करतात, पण ती नकारार्थी आली म्हणून गादी शाबूत आहे असं म्हणता येत नाही. आणि पाय सरळ ठेवून उचलायला सांगतात. हे अगदी साधं वाटतं, पण ज्याला ते मुळीच जमत नाही त्याच्या वाटीच्या वरचा किंवा खालचा कंडरा तुटलेला असू शकतो, आणि ते ऑपरेशन लवकर करावं लागतं. साठीच्या आसपासच्या माणसात ही इजा ‘लचक’ म्हणून सुटून जाते.

एमआरआय करा, पण या तपासणीनंतर. तुमच्या बाबतीत तो हवाच, कारण एसीएल तुटला आहे का हे हाताला कळलं तरी गादी कुठे, कशी फाटली आहे आणि ती शिवता येईल का हे एमआरआयच सांगतो, आणि ऑपरेशन लवकर की सावकाश हे बहुतेक वेळा गादीवर ठरतं. अहवालात ‘पार्शियल टेअर’ असा शब्द आला तर लगेच हुश्श करू नका. अर्धवट फाटलेला आणि पूर्ण निकामी झालेला एसीएल यांतला फरक चित्रात पुसट असतो. गुडघा वळताना निसटतो आणि लॅकमनमध्ये थांबा मऊ लागतो, तर तो कामाचा उरलेला नाही असंच धरतात. ‘बोन ब्रूझ’, म्हणजे हाडाच्या आतला मुका मार, हाही शब्द येईल. मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या भागावर आणि नडगीच्या मागच्या बाहेरच्या कडेवर तो असला, तर त्या क्षणी दोन हाडं एकमेकांवर आपटली होती याचीच ती खूण आहे. त्याला वेगळा उपचार लागत नाही, काही महिन्यांत तो जातो.

तपासणी होईपर्यंत नुसतं बसून राहू नका, कारण मांडीचा पुढचा स्नायू काही दिवसांतच बारीक व्हायला लागतो. टेपने मोजून बघा : वाटीच्या वरच्या कडेपासून १० सेंटिमीटर वर दोन्ही मांड्यांचा घेर घ्या. दोन सेंटिमीटर किंवा जास्त फरक असेल तर स्नायू चांगलाच उतरला आहे. पाय पसरून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची छोटी गुंडाळी ठेवा, ती खाली दाबत मांडी आवळा, पाच सेकंद धरा, सोडा. दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. मग टाच जमिनीवरून सरकवत गुडघा वाकेल तेवढा वाकवा, तेही दहा वेळा. मग टाचेखाली उशी ठेवून गुडघा अधांतरी पाच ते दहा मिनिटं सैल सोडा, म्हणजे तो पूर्ण सरळ होईल. रात्री मात्र गुडघ्याखाली उशी घेऊन झोपू नका. बरं वाटतं, पण गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि पुढे तो सरळ करणं हे मोठं काम होऊन बसतं. सरळ रस्त्यावर चालणं चालेल, एका जागी असलेली सायकल कमी जोरावर चालेल. पळणं, उड्या, पाऊल रोवून वळणं आणि पूर्ण उकिडवं बसणं बंद. स्वयंपाकघरात वळायचं असेल तर आधी पावलं वळवा, मग कंबर. सूज परत आली तर टॉवेलमध्ये गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटं. थेट कातडीवर नको. चोळून, ओढून ‘बसवून’ देणाऱ्याकडे जाऊ नका. अडकलेली गादी किंवा तुटलेलं लिगामेंट ओढून जागेवर बसत नाही, त्याने इजा वाढते.

काही लक्षणं दिसली तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पोटरी दुखून सुजली, ताठ झाली, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, विशेषतः पाय बरेच दिवस हलला नसेल तर. त्यातच धाप लागली किंवा छातीत दुखलं तर एक मिनिटही थांबायचं नाही. गुडघा लाल, गरम आणि ताप असेल तर सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो. पाऊल थंड, फिकट किंवा बधिर पडलं, तर रक्तवाहिनी वा नस दुखावली असेल. हे शेवटचं बहुधा जोराच्या अपघातानंतर लगेच दिसतं. त्या वेळी गुडघा पूर्ण निखळून आपोआप जागेवर आलेला असू शकतो आणि वरून फारसं कळतही नाही.

‘ऑपरेशनशिवाय गत्यंतर नाही’ हेही खरं नाही. स्वीडनमध्ये एसीएल तुटलेल्या, १८ ते ३५ वयाच्या, खेळणाऱ्या १२१ जणांवर झालेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. एका गटाचा एसीएल लवकर नवा बसवला, दुसऱ्याला आधी नीट व्यायाम दिला आणि गरज वाटली तर नंतर ऑपरेशनची मुभा ठेवली. दोन वर्षांनी दोन्ही गटांचं दुखणं, हालचाल आणि खेळणं यांत मोठा फरक दिसला नाही. पाच वर्षांत दुसऱ्या गटातल्या साधारण निम्म्यांनी ऑपरेशन करून घेतलं, उरलेल्यांना ते लागलं नाही. म्हणून तुमचा एसीएल तुटलेला निघाला, गादी अडकलेली नसली आणि शिवण्याजोगीही नसली, तर तीन महिने फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली मनापासून व्यायाम करून मग ठरवणं हा पूर्ण वैद्यकीय मार्ग आहे, टाळाटाळ नव्हे. गादी शिवायची असेल, किंवा व्यायाम करूनही रोजच्या कामात गुडघा निसटत राहिला, तर ऑपरेशनकडे झुकायचं. बॅडमिंटन याच जोमाने खेळायचं ठरवलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण उड्या आणि वळणं असलेल्या खेळात नवा एसीएल घेण्याकडे कल असतो. आणि तो घेतलात तर निदान नऊ महिने कोर्टवर नाही. तारखेइतकीच ताकदही बघायची : दुखऱ्या पायाच्या मांडीचा जोर चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के हवा आणि एका पायावरच्या उड्यांचं अंतरही तितकं जुळायला हवं. लवकर परतणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जायबंदी होण्याचं प्रमाण स्पष्टपणे जास्त आहे.

एमसीएल एकटाच निघाला तर आनंदच. तो बहुतेक वेळा बिजागरी असलेल्या ब्रेसमध्ये आणि व्यायामाने भरतो. हलका ताण दोन-तीन आठवड्यांत, पूर्ण फाटला असेल तर सहा आठवडे किंवा जास्त.

आता आई. तिचा अहवाल आणि तुमचा अहवाल यांत एकच वाक्य आलं तरी त्याचा अर्थ एक नाही. तुमच्या वयात गादी झटक्याने फाटते, साठीनंतर ती वयाबरोबर विरत जाते. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम इथे ५० ते ९० वयाच्या ९९१ जणांचे गुडघे एमआरआयने पाहिले. तो अभ्यास २००८ साली छापून आला. ज्यांच्या गादीला फाट दिसली, त्यांच्यातल्या ६१ टक्के लोकांना मागच्या महिन्याभरात गुडघ्याचं काहीही दुखणं नव्हतं. म्हणजे आईचा गुडघा दुखतोय हे खरं, गादी फाटलीये हेही खरं, पण पहिल्याचं कारण दुसरंच आहे असं त्यावरून ठरत नाही. तिचा उभं राहून काढलेला एक्स-रे झालाय का हे आधी बघा. झोपवून काढलेल्यात सांध्याची फट आहे त्यापेक्षा रुंद दिसते आणि झीज झाकली जाते. खुब्याचीही तपासणी करून घ्या, कारण खुब्याचं दुखणं कित्येकदा गुडघ्यात जाणवतं. मोजे घालताना किंवा पाय आत वळवताना त्रास होत असेल तर तिकडेच शोधा. वयोमानाने फाटलेल्या गादीसाठी दुर्बिणीच्या ऑपरेशनची घाई करू नये, असंच आजचं वैद्यकीय मत आहे. मांडीची ताकद वाढवणारा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, निदान १२ आठवडे, आणि वजन जास्त असेल तर ते थोडं जरी उतरवलं तरी गुडघ्यावरचा भार कमी होतो. चालताना काठी घेत असेल तर ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात हवी. दुखऱ्या बाजूला धरली की भार कमी होण्याऐवजी तिकडेच जातो. गुडघा खरोखर वाकलेल्या स्थितीत अडकत असेल, किंवा एके दिवशी मागच्या बाजूला एकदम कट् होऊन तेव्हापासून पाऊल टाकता येत नसेल, तर मात्र तिलाही तज्ज्ञांकडे लगेच न्या. गादी मुळाशी हाडापासून सुटली की असं होतं, आणि त्यात वेळ घालवला तर सांध्याची झीज झपाट्याने वाढू शकते.